तुझ्यावाचून अडलं का काही?

हा प्रश्न ज्या बाईनं कधी ऐकला नाही अशी बाई शोधून सापडायची नाही. माहेरी चार दिवस जास्त राहून आलं की कोणीतरी तो विचारतंच. कधी कौतुकानं, "बघ, आम्ही सगळं सांभाळलं हो!" म्हणून, तर कधी मुद्दाम टोचून. आणि आपल्याजवळ त्याला उत्तर नसतं. कारण खरंच काही अडलेलं नसतं. भात शिजलेला असतो, मुलं शाळेत गेलेली असतात, देवापुढे दिवा लागलेला असतो. मग इतकी वर्षं आपण करत होतो तरी काय, असं स्वतःलाच वाटायला लागतं.

मैत्रिणींनो, तुम्हाला गंमत वाटेल, पण अगदी हाच प्रश्न जगभरच्या प्रयोगशाळांत गेली शंभरेक वर्षं विचारला जातो आहे. फक्त तिथे तो सुनेला विचारत नाहीत, जनुकाला विचारतात. आणि मुख्य म्हणजे 'काही अडलं नाही' हे उत्तर आलं, की आपल्या घरच्यांसारखे ते तिथेच थांबत नाहीत.

मी काही शास्त्राची विद्यार्थिनी नव्हे. बी.ए. झाले ते मराठी घेऊन. आता घर आणि मुलं सांभाळून एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. पण स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर विज्ञानाच्या बाई बसतात आणि डबा खाता खाता कुठलं कुठलं सांगत असतात. जनुक काढून पाहण्याचा विषय निघाला आणि मी त्यांना आठवडाभर सोडलंच नाही. त्याला कारणही तसंच होतं, ते पुढे सांगते. आधी हे जनुकाचं प्रकरण काय आहे ते बघू.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत पाककृतींची एक वही ठेवलेली आहे असं समजा. वहीची लिपी अवघ्या चार अक्षरांची. तिच्यातली एकेक पाककृती म्हणजे एकेक जनुक. माणसाच्या वहीत प्रथिनं बनवण्याच्या अशा सुमारे २०,००० पाककृती आहेत. २००३ पर्यंत ही वही बहुतेक सगळी वाचून झाली. पण वाचता आली म्हणजे समजली असं थोडंच आहे? आजेसासूबाईंच्या मोडी लिपीतल्या वहीसारखं झालं ते. अक्षर लागलं तरी पदार्थ कुठला हे कळेना!

मग उपाय काय? उपाय आपल्या स्वयंपाकघरातलाच. आमटीत गूळ घालायचा राहिला की गूळ काय काम करत होता ते पहिल्या घासाला कळतं. तसं एक जनुक काढून टाकायचं आणि काय बिघडतं ते पाहायचं. माणसावर असला प्रयोग करता येत नाही, करूही नये. पण यीस्ट, चिलटं, बारीक जंत, मासे, उंदीर यांच्या वहीतल्या कितीतरी पाककृती आपल्या वहीतल्या पाककृतींशी जुळतात. म्हणून हा सगळा भार त्या बिचाऱ्यांवर पडला.

पावसाळ्यात केळी दोन दिवस जास्त राहिली की त्यांच्यावर बारीक चिलटं घोंघावायला लागतात ना, त्यांच्यातल्याच एका जातीनं या शास्त्राचा पाया घातला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन नावाचे प्राध्यापक दुधाच्या बाटल्यांतून ही चिलटं पाळत. या चिलटांचे डोळे लाल असतात. १९१० साली त्यांना एक नर पांढऱ्या डोळ्यांचा सापडला. त्याच्या वहीतली एक पाककृती बिघडली होती. त्या जनुकाला नाव काय दिलं, तर 'व्हाइट', म्हणजे पांढरं! बघा हं, हे जनुक शाबूत असतं तेव्हा रंगाचा माल डोळ्यांच्या पेशींत पोहोचवून ते डोळे लाल करतं. पण लाल डोळ्यांकडे कोणाचं लक्ष जाणार? ज्या दिवशी त्याचं काम झालं नाही त्या दिवशी त्याची दखल घेतली, आणि नाव पडलं तेही न झालेल्या कामावरून. वर्षभर वेळेवर मिळालेला चहा कोणाला आठवत नाही आणि एक दिवस उशिरा मिळालेला जन्मभर आठवतो, त्यातलाच हा प्रकार. (अशीच चिलटं पाळून आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही संशोधन होतं, असं बाई म्हणाल्या.)

मॉर्गनसाहेबांना तो नर नशिबानं मिळाला होता. पुढे १९२७ मध्ये त्यांच्याच शिष्यांपैकी हर्मन मुलर यांनी चिलटांवर क्ष-किरण सोडून जनुकं बिघडवता येतात हे दाखवलं. पण तेही अंधारात धोंडा मारण्यासारखंच. कुठे लागेल त्याचा नेम नाही. हवं ते एकच जनुक नेमकं निकामी करायचं, हे साधायला आणखी साठ वर्षं लागली. ते साधलं उंदरांत, १९८९ च्या सुमारास. मार्टिन इव्हान्स, ऑलिव्हर स्मिथीज आणि मारिओ कॅपेकी या तिघांना त्याबद्दल २००७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. अशा उंदराला 'नॉकआउट' उंदीर म्हणतात. म्हणजे ज्याच्यातला एक गडी बाद केला आहे तो!

यातल्या कॅपेकींची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जन्म १९३७ चा, इटलीतल्या व्हेरोना शहरातला. महायुद्धाच्या काळात आईला अटक झाली. तिनं मुलासाठी थोडे पैसे एका शेतकरी कुटुंबाकडे ठेवले होते. ते वर्षभरात संपले, आणि साडेचार वर्षांचं पोर रस्त्यावर आलं. रस्त्यावर, अनाथाश्रमात, शेवटी रुग्णालयात असं ते वाढलं. युद्ध संपल्यावर आई त्याला गावोगाव शोधत होती. रेज्जो एमिलिया गावच्या रुग्णालयात तो तिला सापडला तो त्याच्या नवव्या वाढदिवसाला. तिनं त्याला नवे कपडे आणि पीस लावलेली एक छोटी टोपी आणली. ती टोपी आपण अजून जपून ठेवली आहे, असं त्यांनी आत्मवृत्तात लिहिलं आहे. पुढे अमेरिकेत शिकून मुलगा मोठा शास्त्रज्ञ झाला. १९८० मध्ये उंदरांच्या या कामासाठी त्यांनी सरकारी अनुदान मागितलं, तर तपासणाऱ्यांनी हे जमण्यासारखं नाही असा शेरा मारला. त्यांनी दुसऱ्या कामासाठी मिळालेला पैसा याच कामाला लावला, आणि चार वर्षांनी तपासणाऱ्यांनाच आपलं मत बदलावं लागलं. माझ्या मनात येतं, ते पोर आईवाचून जगलं, नोबेलपर्यंत पोहोचलं. म्हणून त्याला आईची गरज नव्हती असं कोणी म्हणेल का?

असो. नॉकआउट उंदीर करायचा म्हणजे वर्ष-दीड वर्षाचं काम आणि पैसाही तसाच. हे काम सोपं केलं दोन बायकांनी. फ्रान्सच्या इमॅन्युएल शार्पॉंतिए आणि अमेरिकेच्या जेनिफर डाउडना. बॅक्टेरिया आपल्या शत्रू विषाणूंचा तुकडा कापून स्वतःजवळ जपून ठेवतात, आणि तोच विषाणू पुन्हा आला की त्या खुणेवरून ओळखून त्याला कातरतात. या कातरीला आपल्याला हवी ती खूण देता येते, हे या दोघींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं. हीच क्रिस्पर पद्धत. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघींना मिळून मिळालं, तिसरा वाटेकरी पुरुष नाही! विज्ञानाचं नोबेल फक्त दोन बायकांनी वाटून घेण्याची ती पहिलीच वेळ.

कातरून नेमकं काय होतं ते मराठीच्या बाईच्या पद्धतीनं सांगते. जनुकातली अक्षरं तीन-तीनच्या गटानं वाचली जातात. समजा मजकूर आहे, 'कमल दळण भरड'. क्रिस्परनं त्यात एका जागी काप घेतला. पेशी घाईघाईनं तो काप सांधते, आणि त्या गडबडीत एखादं अक्षर गळतं. समजा 'म' गळला. आता तीन-तीन अक्षरं वाचा: 'कलद ळणभ रड'. दळण गेलं, कमल गेली, आणि शेवटी उरली ती रड! एका अक्षरानं पुढची सगळी पाककृती निकामी होते ती अशी. वर्ष-दीड वर्षाचं काम काही आठवड्यांवर आलं.

आता खरी गोष्ट सुरू होते. कारण नेम धरून जनुकं काढता यायला लागली तेव्हा वारंवार असं दिसायला लागलं, की जनुक काढलं आणि झालं मात्र काहीच नाही. प्राणी आपला धडधाकट, खातोय, पितोय. मग हे जनुक बिनकामाचं, असं म्हणायचं का?

पावाच्या यीस्टचं उदाहरण घ्या. यीस्टमध्ये सुमारे ६,००० जनुकं. शास्त्रज्ञांनी त्यातली जवळजवळ सगळी एकेक करून काढून पाहिली. २००२ मध्ये त्याचा निकाल छापून आला. १०० पैकी जेमतेम १९ जनुकं अशी निघाली, की ती काढली तर यीस्ट वाढतच नाही. बाकीची काढली तरी चालतं. म्हणजे ऐंशी टक्के मंडळी घरात नुसती बसून खातात की काय! पण ज्या यीस्टवर हे पाहिलं ते होतं कसं, तर भरपूर साखर, ऊब, खाण्यापिण्याची चंगळ अशा थाटात ठेवलेलं. २००८ मध्ये दुसरी परीक्षा झाली. तेच यीस्ट हजाराहून अधिक वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवून पाहिलं. कुठे औषधांचा मारा, कुठे उपासमार. तेव्हा १०० पैकी ९७ जनुकांची कुठे ना कुठे उणीव भासलीच. सुखाच्या दिवसांत न दिसणारं काम अडचणीच्या दिवशी दिसलं.

दुसरी गोष्ट माशांची. झेब्रा मासा आपल्याच देशातला, गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्या-ओहोळांतला. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळसर पट्टे. लोकांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत तुम्ही तो पाहिला असेल. त्याची अंडी आईच्या पोटाबाहेर वाढतात आणि काचेसारखी आरपार दिसतात. एका दिवसात आतलं हृदय धडधडायला लागतं, तेही सूक्ष्मदर्शकातून पाहता येतं. म्हणून शास्त्रज्ञांचा तो फार लाडका.

तर या माशाच्या रक्तवाहिन्या घडवण्यात ईजीएफएल-७ नावाच्या एका जनुकाचा हात आहे असा समज होता. त्या जनुकाचं काम थोडे दिवस औषधानं दाबून ठेवलं की पिल्लांच्या रक्तवाहिन्या पार बिघडत. पण नव्या पद्धतींनी तेच जनुक वहीतच कायमचं बिघडवलं, तर बहुतेक पिल्लं ठणठणीत! आता काय खरं मानायचं? पुष्कळांना वाटलं, जनुक बिनकामाचं आहे आणि बिघाड होतो तो औषधाच्या विषारीपणामुळे.

जर्मनीत बाड नाउहाइम इथल्या माक्स प्लांक संस्थेत दिदिए स्टेनिए यांच्या गटानं २०१५ मध्ये याचा छडा लावला. त्यांनी फार साधी युक्ती केली. ज्या पिल्लांत ते जनुक आधीपासूनच निकामी होतं, त्यांनाही तेच औषध दिलं. दोष औषधाचा असता तर हीसुद्धा पिल्लं तितकीच बिघडायला हवी होती. ती बिघडली फारच कमी. म्हणजे या पिल्लांत सांभाळून घेणारं कोणीतरी होतं. कोण, ते शोधलं, तेव्हा एमिलिन नावाची त्याच कामातली दुसरी जनुकं नेहमीपेक्षा जास्त राबताना सापडली. अचानक काम दाबलं की शेजारणींना तयारीला वेळ मिळत नाही आणि नुकसान उघड दिसतं. पहिल्यापासूनच जागा रिकामी असेल तर बाकीच्या पदर खोचून ते काम आपल्यात वाटून घेतात, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं, काही अडलं नाही.

या शेजारणींना कळतं कसं, याचाही थोडा उलगडा २०१९ मध्ये झाला. स्टेनिए यांचा गट आणि चीनमधला एक गट, दोघांनी एकाच वेळी. बिघडलेल्या पाककृतीची नक्कल पेशी फाडून टाकते, आणि त्या फाटक्या कागदाच्या तुकड्यांवरून सारख्या जनुकांना वर्दी जाते असं दिसतं. जनुक असं काढलं की नक्कलच निघणार नाही, तर वर्दी जात नाही, मदतीला कोणी येत नाही आणि बिघाड दिसतो. कामवाली बाई 'आज यायचं नाही' असा निरोप धाडते तेव्हा आपण लवकर उठून भांडी उरकतो. निरोप न धाडता येतच नाही तेव्हा दुपारपर्यंत मोरी तुंबलेली असते. तस्सं!

तेव्हापासून माशावर प्रयोग करणारे नुसता मासा धडधाकट आहे का एवढंच पाहून थांबत नाहीत. दुसरं कोण जास्त राबतंय तेही मोजतात.

हे 'मोजतात' ऐकलं आणि मी हातातला डबा खाली ठेवला. कारण तेव्हा माझ्यापुढे हाच प्रश्न उभा होता. गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझा पाय मोडला. आठ आठवडे प्लास्टर. घरात सासूबाईंनी आणि मोठ्या जाऊबाईंनी सगळं सांभाळलं. 'तू पडून राहा, अडलंय का काही?' असं हे रोज म्हणत, आणि ते मायेनंच म्हणत. शाळेनं मात्र निराळाच अर्थ काढला. यंदा संस्थेच्या बैठकीत विषय निघाला, की अर्धवेळ मराठीची जागा बंद करावी. कारण काय, तर बाई दोन महिने नव्हत्या तरी वर्ग चालले, कोणाची तक्रार आली नाही, निकालही नेहमीसारखा लागला. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून हे सांगितलं तेव्हा मला काही बोलता आलं नाही. निकाल नेहमीसारखा लागला होता, हे तर खरंच होतं.

माझा पगार तासावरचा, थोडकाच. पण तो माझ्या नावावर जमा होतो. मुलीच्या गाण्याच्या क्लासची फी त्यातून जाते आणि त्याबद्दल मला कोणाला विचारावं लागत नाही. शिवाय सातवी-आठवीची मुलं. काही घरांत मराठी पुस्तक म्हणून येतच नाही, त्या मुलांचे निबंध वाचायला मला आवडतं. हे बैठकीत कसं सांगायचं?

म्हणून मी बदली तासांची वही मागितली. प्रत्येक शाळेत ती असते; रजेवरच्या शिक्षकाचा तास कोणी घेतला त्याची नोंद. माझे आठवड्याला बारा तास, आठ आठवड्यांचे शहाण्णव. एक दुपारभर बसून मी ते मोजले. एक्केचाळीस तास इतिहासाच्या बाईंनी घेतले, ज्या तासांत त्या एरवी वह्या तपासतात. बावीस तास खेळाच्या सरांनी, म्हणजे तेवढा वेळ मैदान रिकामं. अठरा तास ग्रंथालयाच्या ताईंनी, तेव्हा ग्रंथालयाला कुलूप. उरलेले पंधरा तास दोन तुकड्या एका वर्गात बसवून काढले. निबंधाच्या वह्या आठ आठवडे कोणीच तपासल्या नाहीत. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला त्या वर्षी आमच्या शाळेचं नाव गेलं नाही. आणि हे दोन महिने होते सहामाही परीक्षा उरकल्यानंतरचे, निवांत. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "तुमचं यीस्ट साखरेत होतं हो! पाय फेब्रुवारीत मोडायला हवा होता."

घरचा असाच हिशेब मांडला, तर सासूबाईंचे गुडघे त्या दोन महिन्यांत जे धरले ते अजून पुरते सुटलेले नाहीत. पण तो हिशेब मी कोणाला दाखवला नाही. सकाळचे दोन जिने त्यांचे मी माझ्याकडे घेतले, एवढंच.

शाळेचा हिशेब मात्र नीट तक्ता करून मुख्याध्यापिकाबाईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि बैठकीत मांडते म्हणाल्या. बैठक पुढच्या सोमवारी आहे. जागा राहील की जाईल ते तेव्हा कळेल.

तक्ता पाहून सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते इतिहासाच्या बाईंना. त्यांनी वही ओढून घेतली आणि बोट ठेवून स्वतःच्या सह्या मोजल्या. "एक्केचाळीस?" त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं दहा-बारा असतील."